पाणमांजराच्या गळ्यातली तार

घरी तिला सगळे भिंगरी म्हणत. जेवतानाही ती मध्येच उठून फेरी मारून यायची. अशा मुलीने नदीवरच्या पाणमांजरांचा अभ्यास करणाऱ्या गटात इंटर्न म्हणून जायचं ठरवलं, तेव्हा आई म्हणाली, "तिथं तासन्‌तास गप्प बसावं लागतं म्हणे. तुझं कसं व्हायचं, बाई?"

गटाचं ऑफिस म्हणजे जुन्या पंपघरातली खोली. दारात ओले गमबूट, खिडकीत चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. प्रमुख मॅडमनी ओळख करून दिली. "हे डॉक्टर, जनावरांचे. माणसांशी फारसं बोलत नाहीत. आणि हे जीपवाले काका. डॉक्टरांच्या वाटणीचंही हेच बोलतात."

तिला नदीकाठच्या कॅमेऱ्यांतले फोटो चाळायचं काम मिळालं. हललेलं गवत, पुन्हा हललेलं गवत, एखादा बगळा. टेबलाखाली तिचे पाय नाचू लागले की डॉक्टर मान वर न करता टेबल धरून ठेवत.

एके दिवशी एका फोटोत पाणमांजराच्या मादीच्या गळ्यात काहीतरी चमकताना दिसलं. फासाची तार होती, मांसात रुतलेली. मागे दोन पिल्लं.

"आत्ताच निघू या," भिंगरी उठलीच.

"घाई केली तर ती बीळ सोडून जाईल," मॅडम म्हणाल्या. "आणि पिंजऱ्याला वनखात्याची परवानगी लागते."

परवानगी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला. पंपघराच्या अंगणात फेऱ्या मारतच ती आईशी फोनवर बोलायची.

अखेर पिंजरा लागला. पहाटे सगळे लव्हाळ्यांमागे बसले. मादी आली, आतल्या माशांचा वास घेऊ लागली. भिंगरीच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने पाय जरासा हलवला, खडा घरंगळला आणि मादी पाण्यात गडप झाली. रागावण्याऐवजी डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन परत पेटीत ठेवलं. तेच तिला जास्त लागलं.

"उद्यापासून मी खोलीतच थांबते," परतताना ती म्हणाली.

"रस्त्यावर थांब," मॅडम म्हणाल्या. "नदीकडे येणाऱ्यांना अडवायलाही कुणीतरी हवंच आहे. तिथं हवं तेवढं चाल."

दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावर येरझारा घालत राहिली. शेळ्या घेऊन आलेल्या आजोबांना तिने गप्पांत गुंतवलं, पण कान नदीकडेच होते. एवढ्यात काकांचा फोन आला. "ये लवकर."

मादी पिंजऱ्यात सापडली होती आणि इंजेक्शनच्या गुंगीत पडली होती. डॉक्टर तार कापत होते, जखमेत पू झाला होता.

"वाचेल ना?"

"सांगता येत नाही. अंग तापतंय तिचं. पाणी ओत, हळूहळू."

ती ओतत राहिली. शुद्धीवर आल्यावर मादी धडपडत पाण्याकडे गेली.

पुढे कॅमेऱ्यात ती दिसली, जखम भरत आलेली. सोबत एकच पिल्लू होतं. सगळ्यांनी चहा मागवला. भिंगरी मात्र खुर्चीच्या कडेवर बसून, पाय हलवत, दुसरं पिल्लू शोधत पुढचे फोटो बघत राहिली. ते कधीच दिसलं नाही. शिक्षण संपल्यावर ती त्याच गटात नोकरीला लागली. लव्हाळ्यांमागे तिला अजूनही कुणी बसवत नाही.