दोन ठिकाणी विचारणारे नंबरकाका

नंबरकाका कुठल्याच प्रश्नाचं उत्तर लगेच देत नसत. वेळ विचारली तर मनगटावरचं घड्याळ पाहून झाल्यावर भिंतीवरचंही पाहत. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली, अर्ध्या तालुक्याचे नंबर तोंडपाठ, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर ते सेनगावात घरोघर इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळायला आले. मी जवळा बाजार गावची, कॉम्प्युटरची पदवी घेऊन तिथे नुकतीच लागलेली, आणि माझ्या मते मला सगळंच येत होतं.

गिऱ्हाइकाने बँकेचं नाव टाइप केलं की त्यामागचा नंबर शोधून द्यायचा, हे आमच्या डीएनएस सर्व्हरचं काम. काकांना ते समजावून सांगावं लागलं नाही. "आमी एक्स्चेंजला हेच करत होतो," ते म्हणत. "तिथं राँग नंबर लागला तर लोकं शिव्या तरी द्यायची. इथं लुटले जाईस्तोवर कळत न्हाई."

त्या सर्व्हरवरचा जुना प्रोग्राम काकांचा लाडका. मला नवा हवा होता. तो दुप्पट वेगवान आहे, असं मी कंपनीच्या साहेबांना सांगून बसले होते आणि खरं निघालं तर तुला कायम करतो, असं तेही बोलले होते. काकांनी दोन कॉम्प्युटरवर दोन्ही प्रोग्राम चढवायला लावले. रोज सकाळी तीच नावं दोघांना विचारायची आणि उत्तराला लागलेला वेळ दोनशेपानी वहीत लिहायचा. प्रिंट काढते म्हटलं तर ऐकत नसत.

आठवड्यात कळून चुकलं की नवा जेमतेम पुढे आहे. घरी तर मी नोकरी कायम झाल्याचं सांगूनही टाकलं होतं. मग नव्यातली सही तपासायची सोय मी गुपचूप बंद केली. उत्तर खऱ्या जागेवरून आलंय की कुणी मधेच घुसवलंय, हे त्या सहीवरून कळतं. तपासणी गेली, वेळ वाचला, नवा सुसाट सुटला.

मोजणीच्या शेवटच्या दिवशी काकांनी मुद्दाम खोटी सही केलेलं एक उत्तर दोघांपुढे ठेवलं. जुन्याने ते नाकारलं, नव्याने मुकाट्याने घेतलं. काकांनी सेटिंग उघडून पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून केलं, लेकी?"

मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं, इतकी लाज वाटली. ते नेहमीसारखे थांबले आणि मग त्यांनी साहेबांना फोन लावला. "आमचं मोजणं चुकलं. आठ दिवस द्या." आमचं, म्हणाले. फोन ठेवून मला एवढंच बोलले, "तपासणं सोडून कुणीबी पळंल. तपासत पळव."

पुन्हा मोजलं. सही तपासूनही नवा थोडा पुढेच राहिला, आणि खोटं उत्तर त्यानेही नाकारलं. आपल्या लाडक्याच्या विरुद्धचा तो अहवाल काकांनी स्वतःच्या हाताने लिहिला. मला कायम व्हायला पुढे वर्ष लागलं. त्या वर्षात मी खरं काम शिकले.

डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा काका नरसीजवळच्या आपल्या गावी गेले. गेल्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला, नंबरकाका गेले. मी विश्वास ठेवला नाही. एका जागेच्या उत्तरावर ठेवायचा नाही, ही त्यांचीच शिकवण. त्यांच्या घरी फोन लावला, सुनेने उचलला.

"व्हय ताई, सकाळीच गेले."

दोन्ही ठिकाणचं उत्तर एकच होतं. तरी मी काकांचा स्वतःचा नंबर लावला. तो मला तोंडपाठ आहे. बराच वेळ वाजत राहिला, आणि मी तो वाजू दिला.