वर जागा ठेवा

या, अशा जवळ या. दारात उभं राहून कुणाची गोष्ट ऐकतात का? आणि आधी तो मोबाईल गप करा बरं! तात्या असते तर त्यांनी पंजा पालथा करून हवेत दाबला असता. "उतरा, उतरा. वर जागा ठेवा."

बारामतीत त्यांची रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना गाद्या, दाराला गोधडी. तरुणपणी हाच माणूस सांगवीपासून आमच्या कळसपर्यंत लग्नाला, जयंतीला कर्णे लावायचा. त्या कर्ण्यांनीच डावा कान नेला. तेव्हापासून मोठ्या आवाजाचं कौतुक संपलं. गिऱ्हाईक मात्र तीच मागणी घेऊन यायचं, "तात्या, काचा हादरल्या पायजेत!"

"मग काचवाल्याकडं जा," तात्या म्हणायचे.

आम्ही विहारातल्या बायका जयंतीच्या मिरवणुकीचं गाणं घेऊन तिथं गेलो. गाणं वन्संनी बांधलेलं. नणंद माझी, पण वन्सं साऱ्या गावाच्याच. शेवटची ओळ त्यांची एकटीची: 'माझ्या आईनं मला पाटी घेऊन दिली.' पण घशाच्या ऑपरेशननंतर आवाज सुतासारखा बारीक झालेला.

गायला लागलो तर पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी अर्ध्यावरच हलत होती. आम्हाला वाटलं, माईक बहिरा आहे! सगळ्या पुढं सरकलो आणि जयंतीच्या स्टेजवर ओरडतो तशा ओरडलो. पट्टी लालभडक. तात्यांनी कपाळाला हात लावला.

"फाटला. फाटलेला आवाज शिवता येत न्हाय, आक्का. हळू घेतलेला मागनं चढवता येतो. म्हणून म्हणतो, वर जागा ठेवा."

"चढवला की खरखर बी चढती. कॅसेटला चढायची," मी काय सोडते!

"म्हणून तर चोवीस बिट घेतोय. जिना समजा. सोळाला पायऱ्या उंच, बारीक आवाज मधीच ठेचकाळतो. चोवीसला पायऱ्या लय बारक्या. वन्संचा आवाज पाय टेकवत जाईल."

"मला जिना चढवत न्हाय आता," वन्सं म्हणाल्या.

"आवाजाला गुडघं नसत्यात, वन्सं. गा तुमी."

गायल्या. चार दिवसांनी मंडळाचा अध्यक्ष ऐकायला आला, आम्हीही गेलो. ऐकून तो म्हणाला, "तात्या, वन्संचा आवाज कुठं लागतोय? ट्रकवर कोण ऐकणार? ती ओळ बारामतीच्या एखाद्या पोरीकडनं घ्या."

वन्सं उठून चपला शोधायला लागल्या. स्वतःच्या आईची ओळ, ती दुसऱ्याच्या तोंडी जायची!

"बसा वन्सं," तात्या म्हणाले. त्यांनी ढोलकीचा आवाज खाली ओढला. मग आमचा कोरस ओढला.

"आवो, त्यांना चढवा की!" अध्यक्ष म्हणाला.

"त्यांना न्हाय चढवायचं. बाकीच्यांनी खाली बसायचं."

"मिरवणूक झोपंल, तात्या!"

"झोपली तर माझ्या नावानं बोंब मारा."

जयंतीला ट्रक विहारापुढं आला. पोरं घामानं चिंब, धूळ ही एवढी. गाणं शेवटाला आलं आणि ढोलकी विरली. आधी वन्संनी घेतलेला श्वास ऐकू आला, मग ओळ. नाचणारी पोरं वर केलेले हात तसेच धरून उभी. मागच्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानंही इंजिन बंद केलं. तात्या उजवा कान स्पीकरकडं करून उभे होते. सवयीनं त्यांचा पंजा वर गेला, पण दाबायला काही उरलंच नव्हतं.

"परत लावा," अध्यक्षच म्हणाला.

गेल्या वर्षी तात्या गेले. त्या खोलीत आता मोबाईलचं दुकान आहे, गाद्या कुणी नेल्या कोण जाणे. त्यांनी मोबाईलसाठी फाइल बारीक न करता, आवाज न दाबता दिलेलं मूळ रेकॉर्डिंग मात्र माझ्याकडं पेनड्राइव्हवर आहे. ऐकायला घरी या. वन्सं आहेत अजून, चहा त्याच करतात, साखर जास्त घालतात, तेवढं चालवून घ्या. आपण पंखा बंद करू, म्हणजे तो श्वास ऐकू येईल. पण लवकर या हं.