उपाशी पंख

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी पाण्याचा तांब्या घेऊन जायची आणि तोंडावर मारायची. बहुतेकींच्या अंगातलं तेवढ्यावर उतरायचं. वय अठ्ठ्याहत्तर, शाळा चौथीपर्यंत, चष्मा लावून सुईत दोरा अजून स्वतः ओवते. पुढचं वाचून म्हातारीला भ्रम झाला असं म्हणू नका, म्हणून हे सांगितलं. भ्रम झाला असता तर सोपं गेलं असतं.

आम्ही धुळ्याला, देवपुरात राहतो. मी आणि नाना. नाना म्हणजे माझे मालक, वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी ते फौजेत विमानांवर फिटर होते. आमच्या लग्नाआधीच ते काम सोडून आले आणि जिनिंगमध्ये मशीनवर लागले. विमानाबद्दल घरात कधी चकार शब्द नाही. रिटायर झाल्यावर मात्र एकाएकी मॉडेल करायला घेतलं. टायगर मॉथ – इंग्रजांच्या वेळचं, फौजेत विमान चालवायला शिकवायचं ते विमान. एकावर एक दोन पंख, आत लाकडाच्या फासळ्या, वरून शिवलेलं कापड. खऱ्याच्या सातव्या हिश्शाचं. पंखच चार फुटांच्या वर, पुढच्या खोलीत जेवायला बसायची जागा गेली.

शोभेचं काम नव्हतं हो ते. प्रत्येक फासळी मोजून. पायलटच्या जागेवर बोटाएवढा दांडा. तो हलवला की पंखाच्या आतून बारीक तारा, कप्प्यांवरून सरकत, खालच्या पंखांच्या कडेच्या झडपा वर-खाली करायच्या. नाना त्याला एलेरॉन म्हणतात. मी म्हटलं, "कापड लागल्यावर आतलं कोण बघणार?"

"मी," म्हणाले. एवढंच.

अठरा-वीस वर्षं चाललं ते. तीन वर्षांपूर्वी नानांना झटका आला, उजवा हात गेला. सांगाडा तयार होता, कापड लावायचं राहिलं होतं. चार महिने नुसते त्याच्याकडे बघत पडून राहिले, जेवण निम्म्यावर आलं. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी शिवते."

"तुले नई जमाव. हाई विमान शे, गोधडी नई."

"साठ वर्षं गोधड्या शिवल्यात. विमानाला काय वेगळी सुई लागते?"

लागते, म्हणाले. खऱ्या विमानाला अर्ध्या चंद्रासारखी वाकडी सुई लागते. आपल्याला साधी चालेल.

झालं, माझी नोकरी सुरू. ते कॉटवरून बघायचे, मी शिवायची. टाका सैल झाला की उसवायला लावायचे. आणि एकच पाठ रोज – सुया मोज. टाचण्या मोज. कात्री कुठाय? पंखाच्या आत काही राहता कामा नये, दोऱ्याचा तुकडासुद्धा नाही. सासूने कधी इतकं छळलं नव्हतं. मी म्हणायची, "जिवंत माणूस बसणार आहे का यात?" त्यावर ते भिंतीकडे तोंड करायचे.

आता माझी चूक सांगते. माझी आई धरणगावची. तिचा नियम होता, गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करताना आत भाकरीचा तुकडा ठेवायचा. उपाशी गोधडी अंगावर घेऊ नये म्हणायची. देवाधर्माचं मला काही नाही, पण साठ वर्षं हाताला ती सवय. उजवा खालचा पंख शेवटचा होता. नानांचा डोळा लागला होता. सकाळची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर होती, तिचा नखाएवढा तुकडा तोडला, पंखाच्या अगदी टोकाच्या कोपऱ्यात ठेवला, हलू नये म्हणून दोन टाके मारले आणि पंख बंद केला. मग कापड ताणून धरणारं खळीसारखं औषध लावलं, नेलपॉलिशचा वास येतो त्याला. तीन हात दिले. कापड ढोलकीसारखं ताठ झालं. नानांनी दांडा हलवून बघितला, झडपा लोण्यासारख्या हलल्या. मी गप्प बसले.

त्या आठवड्यात पाचोऱ्याहून आमची मंदा आली. मुलगी. बँकेत आहे, कशावरही पटकन विश्वास ठेवणारी नाही, माझ्यावर गेलीये. दुपारचा चहा घेत बसलो होतो. नानांनी डाव्या हाताने दांडा उजवीकडे नेला आणि तो अडकला. हलेना. मला वाटलं, तार निसटली. पाच मिनिटांनी मी हलवला तर नीट हलला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मंदाने मोबाईलवर वेळ बघितली – सव्वातीन. ती म्हणाली, "आई, ऊन केवढंय. लाकूड फुगत असेल." ठीक. चौथ्या दिवशी मी दीड वाजता हलवून बघितलं, त्या वेळी ऊन जास्त होतं. हलला. तीन वाजता हलला. सव्वातीनला अडकला. साडेतीनला हलला. आणि डावीकडे कधीच अडकत नव्हता, फक्त उजवीकडे.

नानांचं जेवण पुन्हा तुटलं. दोन वाजल्यापासून घड्याळाकडे बघत बसायचे, कपाळाला घाम. मला आतून खात होतं की हे माझ्या भाकरीमुळे. तुकडा सुटला असेल, तारेत जाऊन बसला असेल. पण तो सव्वातीनलाच कसा बसतो आणि साडेतीनला कसा उठतो, हे काही डोक्यात शिरेना.

पाचव्या दिवशी सव्वातीनला नानांनी दांडा धरला आणि सोडेचनात. जोर लावत राहिले. आतली तार अशी वाजायला लागली, जसं वाटीच्या काठावरून ओलं बोट फिरवावं. मंदा ओरडली, "नाना, तुटेल!"

मी म्हटलं, "सोडा तो. माझ्यामुळे अडकतंय ते. आत मी भाकर ठेवलीय."

नानांनी हात काढला. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. हळू आवाजात म्हणाले, "येडी व्हयनी का तू?" आणि रडायला लागले. पंचावन्न वर्षांच्या संसारात मी या माणसाला रडताना बघितलं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हाही नाही.

मग सांगितलं. फौजेत असताना तसल्याच एका विमानाचा उजवा खालचा पंख फाटला होता, तो नानांनी शिवला. शिवताना वाकडी सुई हातातून निसटून आत पडली. पंख उघडायचा तर पुन्हा सगळं शिवायचं, वरचे लोक घाई करत होते. नानांनी दुसरी सुई आणून मोजणी पुरी केली आणि गप्प बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते विमान उजवीकडे वळताना पडलं. चालवणारा मुलगा बावीस वर्षांचा होता. विमान जळालं, चौकशीत काही सापडलं नाही. सुई तारेत अडकली की दुसरंच काही झालं, कोणाला कळलं नाही.

"म्हणून बनवलं हाई," नाना म्हणाले. "सुई कप्पीपर्यंत जाऊ शकते की नाही, ते मला बघायचं होतं. शेवटी आत सुई टाकून बघणार होतो." मग डाव्या हाताचं बोट दाखवलं, "एवढी होती. माझी खूण होती तिच्यावर. नेढ्याजवळ कानशीने दोन काप."

मीच कात्री आणली.

टाके माझे होते. माझ्या हाताचा टाका मी आंधळी झाले तरी ओळखेन. वरचं औषध तसंच चकचकीत, कुठे तडा नाही. नानांचा एक हात लुळा, मंदाला बटण लावता येत नाही. म्हणजे मी शिवल्यावर त्या पंखाला कोणी हात लावलेला नव्हता. मी टोकाकडून उसवत गेले. कापड मागे केलं.

कप्पीजवळ काहीच नव्हतं. तार मोकळी. भाकर जिथे ठेवली होती तिथेच, माझ्या दोन टाक्यांत. वाळून दगड झालेली. आणि तिच्यात आरपार सुई घुसलेली होती.

वाकडी. अर्ध्या चंद्रासारखी. नेढ्यात बोटभर दोरा, मेण लावलेला, पिवळा पडलेला. माझा दोरा पांढरा आहे. मंदाने ती उजेडाला धरली. नेढ्याजवळ दोन काप होते.

मग नाना मला म्हणाले, "म्हणजे ती जागेवरच व्हती? अडकून? तारेपर्यंत गेलीच नई?"

हो म्हटलं असतं तर म्हातारा सुखाने झोपला असता. पण मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "या पंखात अडकली. तुमच्या त्या विमानात भाकर नव्हती."

ते हो म्हणाले. "नव्हती."

संध्याकाळपर्यंत तसेच बसले. मग मला म्हणाले, पंख शिव. मी सुया मोजल्या, टाचण्या मोजल्या, कात्री त्यांच्या हातात दिली. भाकरीचा तुकडा बाजूला ठेवला होता, तो मंदा उचलून टाकायला निघाली.

"राहू दे," नाना म्हणाले. "मझार ठेव तो." मझार म्हणजे आत.

आयुष्यभर पंखात धागा राहू न देणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला दांडा हलला. तेव्हापासून रोज हलतो. नाना पोटभर जेवतात असं म्हणणार नाही, पण दोन भाकरी खातात. त्या मुलाचं नाव त्यांनी मला सांगितलं, ते इथे लिहीत नाही. बाकीचं लिहू का, विचारलं. साठ वर्षं कोणाला सांगितलं नाही ते छापून येईल, चालेल का? नाना म्हणाले, "लिही."

सुई कुठून आली, मला माहीत नाही. मंदा अजून म्हणते, काहीतरी कारण असेलच. असेल. सापडलं तर मलाही सांगा. दुपारी सव्वातीनला काय अडकत होतं, तेही माहीत नाही. नानांना ते विमान पडल्याची वेळ विचारली नाही, विचारणारही नाही.

मंदा म्हणते, सुई पांझरा नदीत टाकून दे. चांगली सुई कोणी टाकतं का? जाड गोधडीच्या कडेला ती फार उपयोगी पडते. डब्यात माझ्या पाच सुयांबरोबर सहावी असते.

रोज काम आवरलं की कॉटवरून आवाज येतो, "सुई शे ना?"

मी मोजते आणि सांगते, "शे."