पिशवीचा नंबर

समस्त नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणानं कळविण्यात येतं की, छत्रपती संभाजीनगर, पुंडलिकनगर येथील रहिवासी, वय वर्षं बावन्न, सरकारी नोकर, डोळ्याला चष्मा, प्रकृती स्थूल, यानं परदेशातला एक भला मोठा रोलर कोस्टर भर दुपारी पाऊण तास बंद पाडला. त्यासाठी त्यानं कुठलंही हत्यार वापरलं नाही. एक कापडी पिशवी पुरली. सदर इसम म्हणजे मीच. देशाचं नाव सांगत नाही. तिथल्या कुठल्यातरी फायलीत या प्रकरणाचा कागद असणार, आणि मला अजून पेन्शन घ्यायची आहे.

ही गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत सांगितली आहे, बारशात सांगितली आहे, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तर हात-पाय नाचवून सांगितली आहे. लोकांना ठसका लागतो. पण दर वेळी मी ती अर्ध्यावर थांबवतो. पिशवी उघडली, आतून तिळाची चटणी निघाली, हशा, टाळ्या, चहा. त्यातलं मधलं आणि त्यापुढचं आजवर कुणाला सांगितलं नाही. ते आज सांगतो.

आम्ही चौघं होतो. मी, माझी बायको, तिची थोरली बहीण आणि त्या बहिणीचा नवरा. म्हणजे माझे साडू. त्यांना आम्ही सगळेच दाजी म्हणतो. दाजींचं गाव फर्दापूरच्या अलीकडचं. लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची टपरी आहे. लिंबूसरबत, उन्हाच्या टोप्या, फोडल्यावर आतून चकाकणारे दगड. चाळीस वर्षं दाजींनी तिथं बसून गोऱ्या लोकांना सरबत पाजलं आणि त्यांच्याकडून कामापुरतं इंग्रजी उचललं. कधीतरी एका पाहुण्यानं जाताना त्यांना आपल्या देशातलं एक चित्राचं कार्ड दिलं. निळं आभाळ, त्यात उलटासुलटा वळलेला लाल रूळ, आणि रुळावरच्या गाडीत हात वर करून ओरडणारी माणसं. दाजींनी ते टपरीच्या काचेला आतून चिकटवलं. ऊन लागून लागून लाल रंगाचा गुलाबी झाला, पण कार्ड हललं नाही.

"सगळी दुनिया माझ्या दारात येऊन गेली, पाव्हणं," दाजी म्हणायचे. "आता एकदा मला तेंच्या दारात जायचंय. ह्या पाळण्यात बसायचंय. बास."

तर आमच्या टूरमध्ये तेच पार्क होतं. विमानात दाजींनी ते कार्ड खिशातून तीनदा काढून पाहिलं. हॉटेलात उतरल्यावर बॅग ठेवायच्या आधी विचारलं, "पाळणा उद्या की परवा?"

परवा होता. त्या दिवशी दाजी नवे पांढरे बूट घालून सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसले.

पार्कात आधी आम्ही एका होडीत बसलो. ती अंधाऱ्या गुहेतून जाते आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचे राक्षस किंचाळतात. माझी बायको किंचाळली, मेहुणी किंचाळली, मीही वयाला शोभेल इतपत किंचाळलो. दाजी मात्र गुहेच्या भिंतीला हात लावून म्हणाले, "पुठ्ठा हाय. आमच्या लेण्यात आणा म्हणावं ह्यांना एकदा." नंतर गरगर फिरणाऱ्या कपबशीत बसलो. उतरल्यावर मी एका झाडाला धरून उभा राहिलो आणि दाजींनी माझी पाठ चोळली. पाठ चोळतानाही नजर दूर, त्या लाल रुळावर.

शेवटी आम्ही त्या रांगेत लागलो. बायका हात-तोंड धुवायला गेल्या. पाटीवर लिहिलं होतं, इथून पुढं दीड तास. ऊन आपल्या मे महिन्यासारखं, वर सावलीचा पत्ता नाही. आणि तिथं माझ्यातला पुंडलिकनगरचा माणूस जागा झाला.

आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते देव जाणे, त्यामुळं टँकर येतो. टँकरच्या रांगेत माणूस उभा राहत नाही, त्याचं भांडं उभं राहतं. पहाटे हंडा ठेवायचा आणि घरी जाऊन दाढी करायची. रांग पुढं सरकली की मागचा माणूस आपल्या हंड्याबरोबर तुमचाही पायानं पुढं ढकलतो. दुसऱ्याच्या हंड्याला ओलांडून जाणारा इसम आमच्या गल्लीत अजून जन्मायचा आहे. दवाखान्यात फाइल ठेवावी, एसटीत रुमाल टाकावा, रांगेत भांडं ठेवावं. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. ही तर आमची सभ्यता.

माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती, शहागंजातल्या साडीच्या दुकानातली. मी ती काढून रांगेत ठेवली.

"हितं चालंल का हे?" दाजींनी विचारलं.

"दाजी, रांग म्हणजे रांग. सगळ्या जगात सारखीच."

आमच्या मागं एक कुटुंब होतं. आई-बाप आणि बापाच्या खांद्यावर एक पोरगी. मी त्यांना चार बोटं दाखवली, पिशवीकडं बोट केलं, सावलीकडं बोट केलं. त्यांनी हसून मान हलवली. मी दाजींना ओढत नेऊन लांबच्या एका झाडाखाली बसवलं.

रांग सरकली. माझी पिशवी सरकली नाही. कुणीच तिला पाय लावेना. खांद्यावर पोरगी असलेल्या त्या बापानं इकडंतिकडं पाहिलं, आम्ही काही त्याला दिसलो नाही. तो पिशवीच्या मागं थांबला, त्याच्या मागं सगळी रांग थांबली, आणि पिशवीच्या पुढं एक मोठी रिकामी जागा पडली. तिथली युनिफॉर्ममधली मुलगी आली. तिनं वाकून पिशवीत डोकावलं आणि दचकून मागं सरली. आत काय होतं? चाप लावलेला तीन पुडाचा स्टीलचा डबा, त्याला सुतळी बांधलेली, आणि शेजारी मोबाइलच्या चार्जरची गुंडाळलेली वायर.

पुढच्या पाच मिनिटांत जे झालं ते पाहून आपला कुठलाही बंदोबस्त लाजला असता. पिवळी दोरी लागली. गाडी खालच्या खाली थांबली. दीड-दीड तास उभी असलेली दोन-तीनशे माणसं, एक शब्द न बोलता, ओळीनं बाहेर निघाली. कुणी शिवी दिली नाही. खांद्यावरच्या पोरीनं तेवढं रडायला सुरुवात केली. दोन धिप्पाड गार्ड आले आणि मोठ्यानं विचारू लागले, ही पिशवी कुणाची?

मी इथं गोष्ट सांगताना नेहमी उठून उभा राहतो आणि गार्डची नक्कल करतो. फार छान जमते ती मला.

त्या वेळी मात्र मी उठलोच नाही. डोळ्यांसमोर काय यावं? आमच्या ऑफिसनं परदेशात जायला दिलेलं परवानगीचं पत्र, त्यावरचा गोल शिक्का, आणि त्याखालची साहेबांची सही. गार्डनं तिसऱ्यांदा विचारलं. मी झाडाच्या खोडाकडं बघू लागलो, जणू जन्मात कधी खोड पाहिलं नव्हतं.

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. हळूच म्हणाले, "तुमची नोकरी हाय, पाव्हणं. माझं काय, टपरी. ती कोण काढून घेतंय?"

आणि ते उठले. पांढरे बूट झटकले, हात वर केला, आणि लेण्यांच्या पायथ्याशी शिकलेल्या इंग्रजीत म्हणाले, पिशवी माझी, साहेब. चुकी माझी.

बायका आल्या तेव्हा दाजी दोन गार्डच्या मध्ये चालत होते. त्यांनीच लांबून हात केला, "काय न्हाई गं, पिशवी इसरलो म्या रांगेत!" मेहुणीनं कपाळावर हात मारून घेतला.

"ह्या माणसानं हितं येऊनबी माझी इज्जत घालवली! घरी चष्मा इसरतोय, किल्ली इसरतोय, आता पिशवी! अन् ह्यो पाव्हणा बघा. मोठ्या हापिसात हाय, पण कसा शिस्तीत बसलाय झाडाखाली."

शिस्तीत बसलेल्या पाव्हण्यानं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. होय, हलवली. माझ्या बायकोनं माझ्या रिकाम्या खांद्याकडं पाहिलं आणि मग दुसरीकडं पाहिलं.

गार्डनी पिशवी उघडली. दशम्या, तिळाची चटणी, लिंबाचं लोणचं, चार्जर. एका गार्डनं चटणीचा वास घेतला आणि तो चक्क हसला. संकट टळलं. पण कागद भरायचा होता, आणि त्यावर टूरवाल्याची सही लागत होती, आणि तो पार्काच्या दुसऱ्या टोकाला कुणालातरी शोधत होता. तोवर दाजींना गार्डच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. इथं एक सांगून टाकतो, म्हणजे पुढं काही गोड होईल या आशेवर कुणी राहायला नको. तो कागद व्हायला दोन तास लागले, सहाला बस निघाली, आणि दाजी त्या पाळण्यात बसले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

पाऊण तासानं रोलर कोस्टर सुरू झाला. आधी रांगेत असलेल्यांना त्यांच्या त्यांच्या जागी परत बोलावलं. मी लांब उभा होतो. एवढ्यात तो बाप दिसला, खांद्यावर तीच पोरगी. त्यानं मला ओळखलं आणि दोन्ही हातांनी बोलावलं. त्याच्या पुढं चार माणसांची जागा त्यानं मोकळी सोडली होती. पोरीनं मला चार बोटं दाखवली. आमचा नंबर त्यांनी पिशवीवाचून धरून ठेवला होता. तिची दुपार कुणी घालवली हे तिला ठाऊक नव्हतं, तीही डोळे पुसून हसत होती. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो, पण परदेशातली जमीन, तीही शिस्तीची.

"दाजींना येऊ दे," बायको म्हणाली. "थांबू या."

"नंबर जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे गेला तर."

"अगं, बस सहाला सुटणार. परत दीड तासाची रांग. आणि एवढ्या लांब आलोय..."

मेहुणी म्हणाली, "जावा तुमी दोघं. मला त्या उलट्या गाडीत मरायचं न्हाई. मी बसते ह्या येड्यापाशी."

आणि मी गेलो. या वाक्याला मी कितीही सजवलं तरी ते असंच राहतं. ज्या माणसानं चाळीस वर्षं कार्ड काचेला चिकटवून ठेवलं तो बाकावर होता, आणि त्याच्या जागेवर मी जाऊन बसलो. तीही पहिल्या ओळीत. छातीवर लोखंडी दांडा आला. कट्ट कट्ट कट्ट करत गाडी चढू लागली. बायको शेजारी, तोंड मिटून.

वर गेल्यावर सगळं पार्क दिसतं. तळं दिसतं, कपबश्या दिसतात, ती पुठ्ठ्याची गुहा दिसते. मी काही बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण माणूस नेमकं तेच बघतो. खाली गार्डची बसकी खोली, बाहेर बाक, शेजारी मेहुणी, तिचा हात अजून रागारागानं हलत होता. आणि दाजी उठून उभे होते. मान मागं टाकून वर बघत होते. एवढ्या लांबून त्यांना आम्ही दिसत असू का, कुणास ठाऊक. पण त्यांनी दोन्ही हात वर केले. कार्डावरच्या माणसांसारखे. आणि ते हात हलवत राहिले, उड्या मारत, पांढरे बूट उडवत, जणू गाडीत तेच बसले होते.

गाडी टोकावर आली. तिथं ती क्षणभर थांबते, मुद्दाम. गाडी कोसळताना तिथला कॅमेरा फोटो काढतो. आमचा तो फोटो घरात कपाटात आहे. मी तोंड फाडलेलं, चष्मा कपाळावर, बघणारा पोट धरून हसतो. प्रत्यक्षात मी ओरडत होतो, "पिशवी माझी होती! दाजींची नव्हती, माझी होती गं!"

फोटोत बायकोचंही तोंड उघडं आहे. दांडा घट्ट धरून, डोळे मिटून, त्या उताराच्या वाऱ्यावर ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली होती:

"अहो, मग हे खाली सांगायचं ना! वर येऊन मला काय सांगताय!"