खडूच्या रेघेतला धाकटा

गल्लीत त्याला सगळे खटपट्या म्हणत. लग्न होऊन आल्यावर बायकोनं थोडे दिवस तोंड वाकडं केलं, मग दारावरची घंटा ऐकली आणि नाव ठेवणाऱ्याला मनोमन माफ केलं. ती घंटा वाजत नसे, खोकत असे. बटण दाबलं की आधी घसा साफ केल्याचा आवाज, मग दोन कोरडे ठसके, आणि मग खटपट्याच्याच आवाजात, "आलो, आलो, दम धरा जरा." कपाटावर पत्र्याची कोंबडी होती, मेलेल्या प्रिंटरच्या मोटरीवर बसवलेली. पंखा लावला की ती चोच आपटायची आणि पंखा बंद केला की मान टाकायची.

"एवढ्या खटपटीत जिवंत पाळली असती," शेजारच्या मावशी नाकातून म्हणायच्या, "तर अंडं तरी दिलं असतं बाई, अंडं." शेवटचा शब्द दोनदा म्हटल्याशिवाय मावशींचं वाक्य संपत नसे.

पोटासाठी तो एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करी. आत्याची जांभई कापायची, रडणाऱ्या नवरीला हळू करायचं, जेवणाऱ्या पाहुण्यांना भरभर पळवायचं, आणि ज्या काकांशी भांडण झालंय ते काका कुठल्याही कोपऱ्यात दिसणार नाहीत हे बघायचं. मालक दारातूनच सांगे, "जरा हवा येऊ दे रे फ्रेममध्ये. काय? हवा." हवा म्हणजे नेमकं काय हे मालकालाही ठाऊक नव्हतं. एकदा खटपट्यानं कंटाळून पंगतभर पाहुण्यांचे चावणारे जबडे गाण्याच्या ठेक्यावर बसवले. मालक पोट धरून हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "पुस हे. आधी पुस. पाहुणे आहेत ते, गुरं नाहीत." त्याला जे जे म्हणून चांगलं जमायचं, ते असंच पुसलं जायचं.

आणि घरी आप्पा होते, त्याचे वडील.

आप्पांनी सगळी नोकरी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. कामगारांना नंबराचा बिल्ला बघून हत्यारं द्यायची, सुटीच्या भोंग्याला परत घ्यायची. त्यांच्या पाठीमागे भिंतभर काळा फळा होता आणि त्यावर प्रत्येक हत्याराभोवती पांढऱ्या रंगाची रेघ ओढलेली होती. हा पाना, ही पक्कड, ही कानस. पाना गेला की नुसती रेघ उरे, आणि एक जरी रेघ रिकामी असली तरी आप्पा घरी येत नसत. "माणूस खोटं बोलेल," ते म्हणत, "रिकामी जागा नाही बोलायची." ज्या वस्तूला फळ्यावर जागा नाही, ती त्यांच्या लेखी भंगार. घरातही हाच कायदा. लहानपणी थोरल्याला आणि धाकट्याला चपलासुद्धा खडूच्या रेघेत काढाव्या लागत. धाकटा म्हणजे हा खटपट्या. थोरला शिकून दूर गेला आणि आता फोनवरून विचारपूस तेवढी करी.

अलीकडे आप्पांच्या डोक्यातलाच फळा पुसत चालला होता. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "गेलेलं येत नसतं. उरलंय ते सांभाळा." उरलेलं फार नव्हतं. सुनेला ते बाई म्हणत आणि मुलाला मिस्त्री. घरात एक माणूस सदा पेचकस घेऊन फिरतोय, तर तो मिस्त्रीच असणार, एवढा हिशेब त्यांना अजून जमत होता. "मिस्त्री, चहा मिळाला का तुम्हाला?" असं ते रोज अगत्यानं विचारत. 'धाकट्या' ही हाक केव्हा बंद झाली ते खटपट्याला आठवत नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागे.

मग एका सुटीच्या दिवशी आप्पा हसले.

झालं असं, की खटपट्यानं तेलाच्या बारक्या डब्याचं धड, जुन्या कुलपाचं डोकं आणि सायकलच्या तारांचे पाय जोडून एक माणूस केला होता. कमरेला किल्ल्या. त्याला टेबलावर उभं करायचं, फोटो काढायचा, केसभर सरकवायचं, पुन्हा फोटो. असे बरेच फोटो काढून त्यानं ते फोनवर भराभर एकामागून एक दाखवले, तर पत्र्याचा माणूस चालायला लागला. डाव्या पायाची तार वाकडी होती, म्हणून तो पाय फरफटत चालला. आप्पांचाही डावा पाय असाच ओढायचा. आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि पोट हलेपर्यंत हसले.

"हा माझ्यासारखा फरफटतो की."

"कोण हा, आप्पा?"

"टूलरूमवाला."

"आणि मी कोण?"

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ उघडले, थोडा वेळ तसेच राहिले, आणि मिटले.

तेवढ्या आशेवर खटपट्यानं मनात घर बांधलं. त्यानं ठरवलं, आख्खी फिल्म करायची. पत्र्याचा माणूस भोंगा वाजल्यावर टूलरूममधून निघेल, टेबलभर रस्ता तुडवत घराशी येईल. दारात पत्र्याचा पोरगा उभा असेल, लहानपणीच्या खटपट्यासारखेच बाहेर आलेले कान असलेला. माणूस वाकेल आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवेल. आप्पांना एवढं दिसलं की हाक आपोआप येणार. एक हाक. त्याला बाकी काही नको होतं.

"आणि नाही आली तर?" बायको म्हणाली.

"येईल."

"मी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगताय."

खिडकीला गोधडी लावली, एक दिवा टांगला, कॅमेरा स्टुलाला दोरीनं करकचून बांधला. टेबलाच्या एका टोकाला पुठ्ठ्याचं टूलरूमचं दार केलं, दुसऱ्या टोकाला घराचं, आणि तिथं पोरगा दोन वॉशरांचे कान लावून उभा केला. कामावर जाण्याआधी थोडे फोटो, आल्यावर थोडे. माणूस सुरुवातीला कुठं उभा होता ते कळावं म्हणून टूलरूमच्या दाराशी त्याच्या पावलांभोवती खडूची रेघ ओढली. इथंच चुकलं.

रोज संध्याकाळी तो घरी येई, तर पत्र्याचा माणूस पुन्हा टूलरूमच्या दाराशी. सकाळी रस्त्याच्या वळणापर्यंत आणून ठेवलेला गडी संध्याकाळी मूळ जागी.

"तू धूळ झटकतेस का टेबलावरची?"

"तुमच्या त्या टेबलाला मी हात लावत नाही. कोंबडी चावेल."

शेवटी एक दिवस तो लवकर आला आणि दारातून बघत राहिला. आप्पा आले. त्यांनी पत्र्याच्या माणसाला दोन्ही हातांनी उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, वळवून नेमक्या रेघेत पावलं बसवली आणि डोक्यावर बोटानं टकटक केलं. "बसलं."

"आप्पा, चालू द्या ना त्याला. घरी निघालाय तो."

"अजून भोंगा कुठं झालाय, मिस्त्री?"

खटपट्यानं दातओठ खाऊन रेघ पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा स्टुडिओत फोन. "त्या डब्याला छातीशी धरून घरभर फिरताहेत. जेवत नाहीत, बसत नाहीत. आधी त्याला कुठंतरी जागा द्या, मग माणसाच्या पोटात घास जाईल." तो धावत आला, टेबलावर माणूस उभा करून भोवती रेघ ओढली. आप्पा तिथंच खाली बसले आणि मुकाट्यानं जेवले.

तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की रेघ पुसायची नाही, रेघच पुढं न्यायची. दिवसाचे फोटो झाले की माणूस जिथं पोचला असेल तिथं नवी रेघ, जुनी साफ. आप्पांना सगळं पटलं. त्यांना जागा हवी होती, कुठली ते नव्हे. आता तर ते राखणीला बसायला लागले. मावशी कोंबडी बघायच्या निमित्तानं टेबलाला टेकल्या, तर आप्पांनी हात आडवा केला. "बाई, बिल्ला दाखवल्याशिवाय हत्यार मिळणार नाही." मावशी गल्लीभर सांगत सुटल्या, "मला बिल्ला मागतात हो, बिल्ला." ते काही आठवडे घरात बरं चाललं होतं. खटपट्या शीळ घालत कामावर जाई.

पत्र्याचा माणूस दारापाशी आला. फक्त वाकणं आणि हात ठेवणं उरलं. त्या संध्याकाळी खटपट्यानं दिवा लावला तर माणूस आपल्या रेघेत ठाकठीक उभा होता, आणि पोरगा नव्हता.

त्यानं टेबलाखाली पाहिलं, गोधडी झटकली. "आप्पा, इथं एक लहान होता. वॉशरचे कान."

"तो होय? भंगारात दिला. भंगारवाला आला होता दारावर."

"का पण?"

"जागा नव्हती त्याला," आप्पा शांतपणे म्हणाले. "रोज बघत होतो. रेघच नाही."

खरं होतं. माणूस रोज सरकायचा म्हणून त्याला रोज रेघ मिळाली. पोरगा पहिल्या दिवसापासून दारात एका जागी उभा, हलायचा नाही, चुकायचा नाही. त्याच्याभोवती रेघ ओढायचं खटपट्याच्या मनातही आलं नव्हतं.

बायको भंगारवाल्याकडे जाऊन आली. त्यानं हातानं डोंगर दाखवला. "शोधा," म्हणाला, "सगळं पत्र्याचंच आहे."

नवा पोरगा करायला घेतला, पण हात चालेना. शेवटी त्यानं दोन दिवसांत फिल्म तशीच पुरी केली. पत्र्याचा माणूस दारात येतो, वाकतो, हात पुढं करतो, आणि हात हवेत राहतो. मालक म्हणतो ती हवा हीच असावी.

आप्पांना टीव्हीसमोर बसवलं. बायको दाराला टेकून उभी राहिली. माणूस किल्ल्या वाजवत निघाला. डावा पाय फरफटत होता. आप्पा हसले नाहीत. पुढं झुकून बघत राहिले. माणूस दाराशी वाकला.

"हा काय शोधतोय?" आप्पांनी विचारलं. "काहीतरी हरवलंय याचं."

खटपट्या त्यांच्याजवळ सरकला. "काय हरवलं असेल, आप्पा?"

"मला काय विचारता, मिस्त्री. फळ्यावर बघा. रिकामी जागा दिसेल की."

त्यानं फिल्म पुन्हा लावली, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी आप्पांना डुलकी लागली.

त्यानंतर त्यानं टीव्ही बंद केला, समोरच्या भिंतीलगतचं कपाट बाजूला ओढलं, पाठ भिंतीला टेकवून उभा राहिला आणि बायकोच्या हातात खडू दिला. "ओढ."

"काय?"

"माझ्याभोवती. पायापासून."

बायकोनं वाकून सुरुवात केली, पाऊल, पोटरी, कंबर. कानांपाशी आली तेव्हा तिचा हात थांबला. "हे दोन आहेत तसेच काढू?"

"आहेत तसेच."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. आप्पा उठले, भिंतीशी आले, आणि दिवसभर तिथून हलले नाहीत. बायकोनं जेवण पुढं केलं. "एक परत आलेलं नाही," ते म्हणाले. "कोणीतरी नेलंय." मावशी आल्या, भिंत बघितली. गेल्या तेव्हा एकदाच म्हणाल्या, "बाई."

संध्याकाळी घंटा खोकली. खटपट्या चपला काढून सरळ भिंतीशी गेला आणि रेघेत उभा राहिला. आप्पांनी जवळ येऊन खांदे पाहिले, कान पाहिले, पायाचा अंगठा थोडा बाहेर होता तो स्वतःच्या पायानं आत सारला. मग त्याच्या डोक्यावर बोटानं टकटक केलं. त्यांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदाच सैल झाला.

"आलं."

खटपट्यानं मान हलवली नाही. "कोण आलं, आप्पा?"

"कोण नाही हो, काय ते विचारा." आप्पा एक पाऊल मागं सरले आणि मान तिरकी करून त्याला नीट न्याहाळलं. "मोठा पाना दिसतोय. फारसा लागत नाही. पण असावा."

स्वयंपाकघरातून बायकोनं हाक मारली, ताटं वाढलीत. आप्पा जेवायला बसले. त्यांचं जेवण होईपर्यंत खटपट्या भिंतीशी तसाच उभा राहिला, कारण तो हलला तर आप्पा ताटावरून उठले असते. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रेघ पुसट व्हायला लागली की बायको खडूनं पुन्हा गिरवते. त्याचं ताट ती नंतर वाढते.