टीव्हीतल्या सरांना विचारलेला प्रश्न

टीव्हीत सर दिसले आणि आम्ही सगळे उभे राहिलो. गावोगाव एसटीडीचे पिवळे बोर्ड नुकतेच लागले होते, त्या वेळची गोष्ट. मुक्त विद्यापीठाचं बीडमधलं अभ्यासकेंद्र, आणि आम्ही वीस-पंचवीस जण. कुणी कंडक्टर, कुणी अंगणवाडीची बाई, मी नांदूरघाटच्या किराणा दुकानदाराची सून. सर लांबच्या शहरातून थेट बोलत होते, पण 'बसा' काही म्हणेनात. म्हणून आम्ही उभेच! शेवटी केंद्राच्या बाई म्हणाल्या, "अहो, त्यांना आपण दिसत नाही. बसा आता." सगळे हसले. मागच्या बाकावरचे माझे मामंजी मात्र टोपी नीट करून मगच बसले.

"दिसो न दिसो, गुरुजी हायत," ते पुटपुटले.

मामंजी दर रविवारी माझ्यासोबत एसटीनं यायचे. बी.ए.चा फॉर्मही त्यांनीच आणलेला. पण आमच्यात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. लग्नाला नऊ वर्षं झालेली, तरी त्यांना जेवायला बोलवायचं तर मी दाराआड उभी राहून लेकीला पुढं करायची, "जा, आजोबांना सांग, ताट वाढलंय." प्रवासात लेक नसायची. मग एसटी लागली की मी नुसत्या बांगड्या वाजवायची. माहेरी मला तोंडाळ म्हणायचे. आईचा निम्मा जन्म "हळू बोल गं" म्हणण्यात गेला. सासरी आले अन् भोंगा बंद. राग यायचा, खोटं कशाला सांगू? पण मामंजी भला माणूस. राग काढावा कुणावर, तेच कळायचं नाही.

आदल्या वर्षी अर्थशास्त्रात माझी दांडी उडाली होती. 'मागणीची लवचिकता' हा धडा पाठ झाला होता, कळला मात्र नव्हता. परीक्षा आठवड्यावर आलेली. त्या दिवशी सरांना फोनवरून प्रश्न विचारता येणार होता. ऑफिसातला फोन लांब वायर लावून हॉलमध्ये आणला होता. बाई नंबर फिरवून फिरवून थकल्या, सारखा एंगेज. आणि एकदम लागला!

"कोण विचारतंय? लवकर!"

माझा हात वर. त्या घाईत मामंजींची आठवणच राहिली नाही.

रिसीव्हर कानाला लावला तेव्हा झाली. टीव्हीतून सर म्हणत होते, "हॅलो बीड, बोला." माझी दातखीळ बसली. "हॅलो, बोला ना." बाई डोळे वटारून बघतायत, मागं मामंजी बसलेले. बाई गं, रडूच यायला लागलं मला.

तेवढ्यात मागचा बाक करकरला. मामंजी उठले, छत्री घेतली, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. खिडकीतून दिसत होते. उन्हात उभे, आमच्याकडं पाठ करून.

मग काय, सुटलेच मी. "सर, आमचं किराणा दुकान आहे. मीठ महागलं तरी तेवढंच खपतं. बिस्किटाचा पुडा जरा महागला, की गिऱ्हाईक हात आखडतं. हीच का ती लवचिकता?"

माझाच आवाज टीव्हीतून घुमून परत आला. सर हसले. "हीच, ताई. धडा तर तुमच्या दुकानातच आहे."

परतताना स्टँडवर मामंजी रस्त्याकडं बघत बोलले, "दार लावलं, पर खिडकी उघडीच व्हती. लई खणखणीत आवाज हाय गं तुझा." छत्री या हातातून त्या हातात घेतली. "नऊ वर्षं झाली एका घरात, अन् मला त्यो टीव्हीतून ऐकावा लागला. मीबी का बरं कधी म्हणलो न्हाई, बोल म्हणून?"

तेवढ्यात गाडी आली. बांगड्या वाजवायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"मामंजी, एसटी लागली. चला," मी म्हणाले.