आतोबांचा पाम आणि निंबोळीचं तेल

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की तिकडे तुमच्या दिवाणखान्यातल्या पामवर पांढरा कापूस धरलाय, पानं चिकट झालीत आणि तुम्ही निंबोळीच्या तेलाची बाटली आणून ठेवली आहे. ती उघडण्याआधी माझ्या आतोबांची, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांची, हकिगत वाचा. त्यांच्याइतका सावध माणूस सगळ्या खानदेशात झाला नाही, आणि या सावध माणसाने जन्मात एकदाच घाई केली, ती याच तेलाच्या बाबतीत.

आतोबा रेल्वेत गार्ड होते. पेन्शन घेऊन अमळनेरला आमच्याच गल्लीत राहायला आले, पण मनाने शेवटच्या डब्यातच राहिले. बाजारात निघालो की आम्हां मुलांना पुढे घालून स्वतः सर्वांत मागे चालत, आणि कोपऱ्यावर सगळे वळलो हे पाहिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नसत. जेवायला बसताना घड्याळ पाहत, उठतानाही पाहत. आत्या म्हणायची, "यांना घास गिळायलासुद्धा सिग्नल लागतो." त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. भुसावळच्या एका रेल्वे बंगल्यातून आत्याने पामची दोन रोपं मागून आणली होती, ऊन लागू नये म्हणून वाटभर पदराखाली धरून. ओसरीच्या दोन टोकांना त्यांच्या कुंड्या असत, आणि कुणी आलं की आतोबा आधी त्यांची तब्येत सांगत, मग पाहुण्याची विचारत.

आत्या गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही झाडांना कीड लागली. निंबोळीचं तेल किडीवर चालतं एवढं आतोबांना ठाऊक होतं. लावायचं कसं, हे त्यांनी आपल्याकडची तान्ही मुलं आठवून ठरवलं: भरपूर तेल चोळायचं आणि कोवळ्या उन्हात शेकायचं. घाण्यावरून तेल आणलं, एका झाडाचं पान न् पान माखलं आणि कुंडी अंगणात नेऊन ठेवली. शेजारच्या अक्का कुंपणावरून अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, हाई झाड शे, बाळंतीन नही." आतोबा नुसते हसले. आमच्याकडचं कोवळं ऊन पाहता पाहता कसं कडक होतं, हे तुम्हाला तिकडे बसून कळायचं नाही. पानं भाजल्यासारखी तपकिरी झाली, मधल्या कोंबात साचलेल्या तेलाने कोंबही कुजला, आणि आत्याचं एक झाड गेलं.

दुसऱ्याला तेल लावावं तर हात धजेना, न लावावं तर कीड त्याला खात होती. आतोबा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसून राहत. आम्ही जेवायला हाक मारली तर घड्याळही पाहत नसत. शेवटी एके दिवशी उठले आणि पुन्हा गार्ड झाले. आधी ओल्या फडक्याने जमेल तेवढी कीड पुसून काढली. मग तांब्याभर कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात चहाच्या चमच्याने एकच चमचा तेल घातलं आणि पाणी दुधासारखं होईपर्यंत घुसळलं. तेही सगळ्या झाडाला नाही. खालच्या एका पानाला लावलं आणि दोन दिवस वाट पाहिली. पान धड राहिलं, तेव्हा पाणी पुन्हा ताजं घुसळून ऊन उतरल्यावर बाकीची पानं पुसली, वरून आणि खालूनही. मधल्या कोंबात थेंब जाऊ दिला नाही. उरलेलं पाणी फेकून दिलं, हात धुतले, बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली. कुंडी कुणी उन्हात सरकवू नये म्हणून तिच्यात आपलं जुनं लाल निशाण खोचलं. आठवड्याने पुन्हा तेच. तुम्हीही असंच करा, आणि खिडकी उघडी ठेवा. वास विसरण्यासारखा नसतो. त्या दिवसांत पोस्टमनसुद्धा टपाल फाटकावरच ठेवून जाई.

पुढे ही सावधगिरी त्यांनी सगळ्या जगाला लावली. मला एक स्थळ सांगून आलं तेव्हा माझे वडील लगेच होकार द्यायला निघाले. आतोबा म्हणाले, "आधी एका पानावर लावून बघा." त्यांनी मुलाला चहाला बोलावलं आणि नुकतंच तेल लावलेल्या पामशेजारी बसवलं. मुलाने नाक न मुरडता दोन कप चहा घेतला. ते तुमचे आजोबा.

कीड लागली त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास पामचा नवा कोंब उलगडला. आतोबांनी मला हाक मारून दाखवला. पान अजून घडीचं होतं, फिक्कट पोपटी. मग ते आत स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून हळूच म्हणाले, "हिला सांगायला हवं होतं."

ते गेल्यावर घर विकलं गेलं. पाम मी बैलगाडीत घालून स्टेशनवर नेला आणि गाडीने जळगावला आणला. आतोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही, आत्याचाही नाही. पाम आहे.